तिसरी फेरी

२४ मार्च, सोमवार. न्हावरे.

पोचले एकदाची. तेजूनं ही वही देताना बजावलंय की रोज लिहायचं, काही गाळायचं नाही. जूनमध्ये ती इथं राहायला आली की पहिल्या पानापासून वाचणार आहे. नऊ वर्षांची पोर, पण हुकूम कलेक्टरचा. तर बाईसाहेब, घ्या लिहून. सकाळी सातला कासुर्डी सोडली, चौफुल्याला गाडी बदलली, तिथं पिशवीचा बंद तुटला आणि तुमच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, दिलेले शेंगदाणे एसटीभर झाले. कंडक्टरनं पाय वर घेऊन मला वेचू दिले. माणूस चांगला होता.

निघताना उंबऱ्यात तिनं माझा हात धरून ठेवला आणि 'येते' म्हणायला लावलं. नागसेन, तिचा बाप, तीन वर्षांपूर्वी ड्युटीवर निघताना घाईत 'जातो' म्हणाला होता. हायवेवरून तो परत आलाच नाही. तेव्हापासून आमच्या घरात जाते हा शब्द कुणी काढत नाही. मी दोनदा येते म्हटलं तेव्हा तिनं हात सोडला.

जागा झकास आहे. खाली पूर्वी दूध डेअरी होती, वरच्या लांब हॉलमध्ये सविताताईंचं लेसचं काम चालतं. आठ बायका क्रोशानं रेशमी लेस विणतात, साडीच्या पदराला, ब्लाउजला, लहान मुलींच्या फ्रॉकला. मागं मला एक खोली, तिला लागून नळ, खिडकीतून ऊस. शाळा हाकेच्या अंतरावर आहे, सामान टाकल्या टाकल्या बघून आले. पाचवीच्या वर्गाला पंखे आहेत. सविताताई इथल्याच बागायतदारांच्या घरातल्या, पण बोलायला साध्या. आधी काय करत व्हता म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दौंडकडं कपड्याच्या कंपनीत चार वर्षं धागा कटिंग. त्या हसल्या आणि म्हणाल्या की मग ते चार वर्षांचं आधी विसरा, इथं कात्रीला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

२६ मार्च, बुधवार

काम कळलं. बायका विणतात, आणि विणून झाल्यावर दोऱ्याचं जे टोक लोंबतं त्याचा बंदोबस्त मी करायचा. कंपनीत टोक दिसलं की कचकन कापायचं. इथं त्याला टोक जिरवणं म्हणतात. रेशमाला गाठ मारून उपयोग नाही, ते गाठीला दाद देत नाही, दोन दिवसांत आपोआप सुटतं. बोथट सुईत टोक ओवायचं, विणीच्या पोटातून थोडं पुढं न्यायचं, तिथून मागं आणायचं आणि परत पुढं. जाऊन, येऊन, जाऊन. दोन फेऱ्यांवर थांबलं तर ते आल्या वाटेनं निसटतं. तिसरी फेरी त्याला धरते. आणि ज्या लेसचं टोक त्याच लेसमध्ये जिरवायचं, परक्या रेशमात ते टिकत नाही.

हे सांगण्याआधी बायकांनी मला एक हातभर लेस दिली आणि लोंबणारं टोक ओढायला लावलं. ओढलं, तर सगळी लेस भराभर उसवत गेली. शेवटचा टाका आधी, मग त्याच्या आधीचा, असं करत पार पहिल्या साखळीपर्यंत. हातात नुसता दोरा राहिला. सगळ्या हसल्या. टोक जिरवायला शिकण्याआधी माझीच जिरवली म्हणायची.

दिवसभर माझी टकळी चालू होती. आई म्हणते तुझ्या तोंडाला कुलूप नाही. इथल्या बायकांचं तेच मत झालंय, पण त्या ऐकून घेतात.

३० मार्च, रविवार

पाडव्याची सुट्टी. सविताताईंनी श्रीखंड-पुरीचा डबा वर पाठवला. दुपारी त्या स्वतःच आल्या आणि माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडं बघत उभ्या राहिल्या. माझ्या आधी हे काम सरूबाई म्हणून एक म्हातारी करायची, हे कपाट तिचं. ती कुठं गेली म्हणून विचारलं, तर गेल्या गावाकडं म्हणाल्या. हॉलमधल्या बायकांना विचारलं होतं तर त्यांनीही तेवढंच सांगून विषय बदलला होता.

मग त्यांनी एक गोष्ट बजावली. काम उशीवर ठेवून करायचं, अंगावर असलेली लेस कधी जिरवायची न्हाई, आपल्याबी न्हाई आन् दुसऱ्याच्याबी न्हाई. मी म्हटलं, आमची आईसुद्धा तेच सांगते. अंगावरचा कपडा शिवू नये, मेलेल्या माणसाचा शिवतात. शिवायचाच झाला तर तोंडात दोऱ्याचा तुकडा धरावा. सविताताई म्हणाल्या की आई बरोबर सांगती, कारण रेशमाला अंग कळतं. मला वाटलं अशी एखादी म्हण असेल.

त्या गेल्यावर कपाट उघडलं. एक चष्मा, एक ब्लाउज आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात रेशमाची एक मोठी लडी होती, सायीच्या रंगाची. इतकं मऊ रेशीम मी अजून हाताळलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

तेजूचं भीमजयंतीला भाषण आहे, पहिल्यांदाच. रोज फोनवर म्हणून दाखवते. पांढऱ्या फ्रॉकला तिला माझ्या हातची लेसची कॉलर पाहिजे. नववीत कार्यानुभवाच्या तासाला क्रोशा शिकले होते, हात अजून चालतो. पुण्याहून रेशीम यायला उशीर झालाय आणि हॉलमध्ये एक वीतही शिल्लक नाही. म्हणून सरूबाईच्या डब्यातून घेतलं. ती काही परत येऊन मागत नाही. सविताताईंना विचारायला हवं होतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी कुठं विचारत बसायचं.

हे रेशीम हातात धरलं की कोमट लागतं. उन्हाळा आहे.

१४ एप्रिल, सोमवार. कासुर्डी.

जयभीम तेजश्रीबाई, आजचं पान खास तुमचं.

सकाळपासून हलगी, निळे झेंडे, विहारापुढं मांडव. तेजू तयार होऊन आरशापुढून हलेना. कॉलर इतकी शोभली की शेजारणी हात लावून बघत होत्या. निघायच्या वेळी बघते तर मानेमागं कॉलरचं टोक सुटलेलं. मीच घाईत दोन फेऱ्यांवर सोडलं असणार. फ्रॉक काढ म्हटलं तर बाईसाहेब रडकुंडीला आल्या, कारण वेणी, गजरा, पिना, सगळं विस्कटणार. तेवढ्यात मांडवातून नाव पुकारलं.

मी सुई काढली. आईनं लगेच दोऱ्याचा तुकडा माझ्या ओठांत दिला. म्हटलं म्हातारीचं मन राहू दे, धरला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तेजू भाषण घोकत होती ती चवदार तळ्यापाशी अडली, पुढचं काही केल्या आठवेना. डोळे भरून आले तिचे. मी पटकन पुढचं वाक्य सांगितलं. तोंड उघडलं तसा तुकडा खाली पडला. तिसरी फेरी मारली, उरलेलं कापलं आणि तिला पळवलं.

भाषण असं झालं की शेवटी लोक उभे राहिले. मी रडले, उगाच कशाला लपवू. घरी आले तर आई अजून जमिनीवर तो तुकडा शोधत होती. मी म्हटलं अगं, झालं की आता.

१६ एप्रिल, बुधवार. न्हावरे.

दुपारी आईचा फोन आला. तेजूच्या मानेवर दोरा आहे. फ्रॉकचा असेल म्हणून आईनं ओढला, तर तो येतच राहिला. वीतभर आला. तेजूला दुखत नाही, गुदगुल्या होतात म्हणे. आईनं कात्रीनं कापला आणि तासाभरानं बघितलं तर तेवढाच परत बाहेर.

मी म्हटलं केसांत गुंता असेल, तेल लावून विंचर. मग तेजूला फोन द्यायला सांगितला आणि भाषणाचं पहिलं वाक्य विचारलं, सहज. तिनं विचारलं, कसलं भाषण.

मला वाटलं चेष्टा करते. तिनं परत विचारलं.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी आईचा फोन. दिवाळीत आलेला तेजूचा पुढचा दात नाही. पडला नाही, हिरडी नुसती बंद आहे. चौथीचे भागाकार येत नाहीत. चौथी म्हटलं तर म्हणते मी तिसरीत आहे.

सविताताईंकडं गेले. सगळं सांगितलं, डब्यातलं रेशीम घेतल्याचंसुद्धा. त्या तिथंच पायरीवर बसल्या. मी त्यांचे पाय धरले, मला लाज वाटली नाही.

मग त्यांनी सांगितलं. सरूबाईनं एका लग्नाला निघताना ब्लाउजच्या लेसचं टोक अंगावरच जिरवलं. अंगावर जिरवलं की रेशीम लेसमध्ये बसतच न्हाई, ते अंगालाच लेस समजतं. मग अंगाचंच टोक सुटतं आन् माणूस उसवाया लागतं, शेवटून मागं. आधी नातवंडं विसरली. मग सुना. मग केस काळे व्हाया लागले. बायकांना वाटलं म्हातारीला बरं वाटतंय. एका दुपारी त्या खोलीत गेल्या तर लुगड्याच्या ढिगात आठ-नऊ वर्षांची पोर बसलेली, आई कुठं हाय म्हणून विचारत व्हती. चार दिवसांनी तीबी न्हवती. जमिनीवर नुसतं रेशीम. त्याची लडी करून त्यांनी डब्यात ठेवली, कारण टाकवेना.

म्हणजे मी माझ्या लेकीच्या गळ्यात काय विणलं.

बासष्ट वर्षं होती सरूबाईची. सव्वा महिना पुरली. तेजूची नऊच आहेत.

मी विचारलं की कुणी जिरवलं का नाही ते टोक. सविताताई म्हणाल्या, जिरवाया गेले. माझ्याच हाताच्या कातडीत. दोन फेऱ्या झाल्या आन् मला माझ्या पोराचं नाव आठवंना. भ्याले. सुई काढून टाकली. पण तिसरी मारली असती तरी ते माझ्यात टिकलं नसतं, म्या तिची कोण. परक्या रेशमात टोक जिरत न्हाई, हे तुम्हाला सुरवातीलाच सांगितलंय.

चारची एसटी आहे. सुई घेतली आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार. कासुर्डी.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. दर जयंतीला तिची उंची मी तिथं मांडते. यंदाच्या खुणेला तिचं डोकं लागत नाही. गेल्या वर्षीच्याही नाही. तिला पाठ लावून उभी केली आणि आईकडं बघितलं. आईनं तोंड फिरवलं.

यवतच्या डॉक्टरांनी मान बघितली, दोरा चिमटीत धरून थोडा ओढला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मलम लिहून दिलं. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत तिला चपला मोठ्या झाल्या होत्या.

कुणी ओढत नाही तरी सरकतं. मी बोटानं दाबून धरते. बोटाखालून सरकतं, कोमट.

कॉलरमध्ये परत ओवून बघितलं. तीन फेऱ्या मारल्या. निसटलं. मग — हे लिहायला नको वाटतं, पण काही गाळायचं नाही म्हणालीस. तुझ्याच मानेच्या कातडीत ओवायला गेले. आजीनं तुला धरलं होतं. तू ओरडलीस. दोन फेऱ्या झाल्या आणि सुई मागं सरकून आली, टोकासकट. जे स्वतःच उसवतंय त्यात काय टिकणार. तू माझ्याकडं बघेनास. मला माफ कर.

सगळी चूक या तोंडाची. एक वाक्य अडलं होतं. अडू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. चार लोक हसले असते, ती रडली असती, मी पेढा दिला असता. एवढंच.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी उठली आणि पप्पा ड्युटीवरून कधी येणार म्हणून विचारलं.

तीन वर्षं गेली. सहा राहिली. संध्याकाळपर्यंत —

आई सांगते की विहारात चल, त्रिशरण म्हणू. म्हटलं. तेजूनं पण म्हटलं, बोबडं.

नागसेनची गाडी वाजली म्हणून दोनदा दारात पळाली. मी तिला थांबवलं नाही. खोटं सांगितलं, येतोय म्हटलं. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो बघवेना मला.

टोक आता माझ्या मनगटाला गुंडाळून बसले आहे. वीसएक वेढे. विचार करते आहे. ज्या लेसचं टोक त्याच लेसमध्ये. लेस उसवत पहिल्या साखळीपर्यंत जाते. आणि पहिल्या साखळीच्या आधी? पहिली साखळी कुणाच्या पोटात घातली होती?

परकं रेशीम नाही. मी परकी नाही.

२० एप्रिल, रविवार

बसता येतं तिला. चालता येत नाही. आई म्हणते, मी घेते सुई, तू तरणी आहेस. मी म्हटलं आई, तू आजी आहेस, एक टाका लांब पडशील. ती हसली नाही. मीही नाही.

सविताताईंनी जे सांगितलं ते माहीत आहे. मला आठवतं ते सगळं जाणार. म्हणून आधी इथं मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

करुणा, तुला काही आठवलं नाही तरी तिसरी फेरी मारायची. सुई काढायची नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

डाव्या मनगटात घालते. उजव्या हातानं लिहिते.

पहिली फेरी. जाऊन.

दुखत नाही. गुदगुल्या होतात. तिनं खरंच सांगितलं होतं.

उभी राहिली. आईगं. उभी राहिली. केस खांद्यापर्यंत आले. तिनं माझ्याकडं बघून म्हटलं की पप्पा नाहीत ना गं आता. आणि रडली. मी पण. तिला रडताना बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

वहीत मागं सविताताई लिहिलंय. कोण या. न्हावऱ्याला मी कशाला गेले होते. पिशवीत बोथट सुया आहेत, कंपनीत असल्या सुया नसतात —

दुसरी फेरी. येऊन.

मुलगी भाषण म्हणते आहे. खणखणीत. चवदार तळ्यापाशी अडली नाही. आई भिंतीला टेकून रडते आहे, का ते सांगत नाही.

ऊन खाली आलं. नागसेन अजून जेवायला आला नाही. त्याला म्हटलं होतं डबा ने.

मनगटात दोरा आहे. आत जातो, बाहेर येतो. कुणी घातला. ओढून टाकावा वाटतं. निघेल, सैल आहे —

थांब. वहीत माझंच अक्षर आहे. मोठं. सुई काढायची नाही.

बरं. नाही काढत.

चौकटीवरच्या खुणा कुणी केल्या इतक्या उंच. माझी तेजू एवढीशी आहे, पाळण्यात. कुठं ठेवली मी तिला. ही मोठी मुलगी कोण, तिच्यासारखी दिसते. दात किती छान आहेत. मान स्वच्छ आहे, फक्त एवढं एक टोक, तिच्या मानेपासून माझ्या हातापर्यंत.

ती म्हणते आई, नको. मी तुझी आई नाही गं बाळ. पण रडू नकोस. एकच राहिली आहे. वहीत लिहिलंय.

तिसरी. जाऊन. टोक बसलं, आता निसटत नाही.

तिनं माझा हात धरून ठेवला आहे. सोडत नाही. जाते म्हणू नको म्हणते. येते म्हण, म्हणते, त्याशिवाय सोडणार नाही. बरं बाई. काय हुकूम. म्हणते. मी ये